मोठ्या प्रश्नाच्या आडोशाला

गेल्या अंकात एका उत्तरात फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचं नाव ओझरतं घेतलं आणि या महिन्यात पत्रांचा ढीग लागला. निम्मं टपाल भिजून आलंय. सकाळी उठून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं ते आधी बघायचं आणि मग चहा ठेवायचा, असे सध्या कोल्हापुरातले दिवस आहेत, त्यामुळे पोस्टमनला बोल लावत नाही. चारच पत्रं घेतली आहेत. पहिल्यालाच बरीच जागा गेली, बाकीच्यांनी रुसू नये.

प्रश्न : मॅडम, माझं वय २८. मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पुण्यात एका कंपनीत सहा वर्षं डिझाइनला होतो. होळीच्या सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात अजून उचलत नाही. उद्यमनगरात आमचं छोटं मशिनशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन कामगार. पंपाचे बुश, पिना, शाफ्ट असलं जॉबवर्क. मी बिनपगारी रजा घेऊन आलो, ती दोनदा वाढवली. आता कंपनी म्हणते, महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा. दिवसा शॉप आणि रात्री वाचन चालतं. कामू वाचला, सार्त्र थोडा वाचला आणि आता कशातच अर्थ वाटत नाही. तिकडे गेलो तर स्क्रीनवर ड्रॉइंग, इथे राहिलो तर बुश. शंभर वर्षांनी दोन्हीचं भंगारच. मागच्या महिन्यात जुन्या लेथचा चक, म्हणजे जॉब पकडणारा जबडा, बदलून घेतला, तेव्हापासून रिजेक्शन जवळजवळ बंद झालंय, पण त्यानं तरी काय होणार? सिसिफससारखा दगड ढकलत राहायचा. मामा म्हणतात, शॉप विकून मोकळा हो, जागेला भाव आलाय. बाबा काहीच बोलत नाहीत. आईनं दिलेला डबा घेऊन सकाळी आठला जातो, रात्री नऊला येतो, आणि दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. माणूस स्वतंत्र आहे असं सार्त्र म्हणतो, मग मला अडकल्यासारखं का वाटतं? आयुष्याला अर्थ असतो का, एवढंच सांगा.
— एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : 'एवढंच' म्हणे! चौतीस वर्षं वर्गात हेच शिकवलं, पण इतक्या सहज कुणी विचारलं नव्हतं. तुझ्याएवढी मुलं माझ्या बाकांवर बसून गेली आहेत, म्हणून अरे-तुरे करते.

तुझा शेवटचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. तो इतका मोठा आहे की त्याच्या आडोशाला दुसरा एखादा प्रश्न आरामात उभा राहतो, आणि तसा तो उभा आहे. महिनाअखेरीला कंपनीला काय कळवायचं? या धाकट्या प्रश्नाला तारीख आहे, मोठ्याला नाही. मोठा प्रश्न हजारो वर्षं पडून आहे, आणखी पन्नास वर्षं पडला तरी कुणी नोटीस काढणार नाही. म्हणून त्याच्याजवळ बसायला बरं वाटतं. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. मी स्वतः वीस वर्षं तशी बसले होते, ते पुढे सांगते.

सार्त्र थोडा वाचलास म्हणतोस, तर त्याच्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट वाचलीस का? २९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये सार्त्रनं एक भाषण दिलं, 'अस्तित्ववाद हा मानवतावाद आहे' या विषयावर. (अस्तित्ववाद म्हणजे माणूस आधी ठरून येत नाही, आपल्या निवडींतून घडत जातो, हा विचार.) युद्ध नुकतंच संपलेलं, गर्दी इतकी की खुर्च्या मोडल्या. त्यात त्यानं युद्धकाळात आपल्याकडे आलेल्या एका तरुणाची हकिगत सांगितली. त्याचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेला होता. वडील जर्मनांकडे झुकलेले, त्यावरून आईशी बिनसलेलं. आई या एका मुलाच्या तोंडाकडे बघून जगत होती. मुलाला मात्र इंग्लंडला पोचून फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचं होतं, भावाचा सूड घ्यायचा होता. गेलो तर आई खचणार, राहिलो तर आपल्याच नजरेतून उतरणार. शिवाय गेलो तरी लढायला मिळेलच असं नाही, वाटेत स्पेनमध्ये एखाद्या छावणीत अडकून पडायचीही शक्यता. आईजवळ राहिलं तर निदान तिला आधार नक्की. आता काय करू?

सार्त्र म्हणतो, धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम कर. पण शेजारी कोण, आई की रणांगणावरचा सैनिक? जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो, कुठल्याच माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नकोस. आईजवळ राहिलं तर लढणारे साधन होतात आणि लढायला गेलं तर आई. म्हणून तो मुलाला म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड.

इथपर्यंत आलं की वर्ग दरवर्षी चिडायचा. "मॅडम, हे काय उत्तर झालं? एवढं तर आमचा रूममेट पण सांगतोय की!" पण खरी मेख पुढच्या दोन-चार वाक्यांत आहे आणि परीक्षेला येत नाही म्हणून ती कुणी वाचत नाही. सार्त्र म्हणतो, सल्ला मागायला माणूस कुणाकडे जातो, हीच निवड असते. एखाद्या धर्मगुरूकडे गेलास तर कुठल्या? जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या की त्यांच्याविरुद्ध लपूनछपून काम करणाऱ्या? तो गुरू निवडलास तेव्हाच त्याचं उत्तर काय येणार हे तुला साधारण माहीत होतं.

आता तुझ्या पत्राकडे वळू. मामा घरचे, व्यवहारी, जागेचा भाव ठाऊक असलेले. ते विचारायच्या आधीच बोलले आणि त्यांचं बोलणं तू एका ओळीत संपवलंस. पुण्यातल्या तुझ्या साहेबाला तू विचारलं नाहीस. बरोबरीच्या मित्रांचं तर नावही पत्रात नाही. तू विचारलंस कुणाला, तर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, कोल्हापूर सोडून कधी कुठे न गेलेल्या एका बाईला. ही म्हातारी 'पुण्याला पळ' असं सांगेल असं तुला खरंच वाटलं होतं?

आणि तो चक! सगळं निरर्थक आहे असं सांगणाऱ्या पत्राच्या मधोमध तू लेथचा चक घुसवलायस. कशातच अर्थ न वाटणारा माणूस चक कशाला बदलेल? आहे त्याच ढिल्या चकावर जॉब लावेल, आऊट आला तर भंगारात टाकेल आणि सिसिफसवर खापर फोडेल. तू मात्र रिजेक्शन मोजलंस आणि ते बंद झालं हे एका अनोळखी बाईला कळवावंसं तुला वाटलं. तुझ्या पत्रात खुशीचं वाक्य तेवढं एकच आहे, आणि त्यालाही लगेच 'पण' लावलायस.

थांब. इथून उठून 'मॅडमनी राहा म्हणून सांगितलं' असं घरी जाहीर करू नकोस. मी तसं म्हटलेलं नाही आणि या 'मुळे' प्रकरणाशी माझं जुनं वैर आहे. १९८३ साली मला बाहेरगावच्या एका विद्यापीठात नोकरी चालून आली होती. मी गेले नाही. आईचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, तिला टाकून कशी जाऊ? पुढची वीस वर्षं कुणीही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, "आईमुळे राहिले." सांगताना आवाजात थोडा त्याग पण यायचा. २००३ साली आई गेली. दुसऱ्याच वर्षी दोन वर्षांसाठी दुसरीकडे शिकवायचं बोलावणं आलं आणि मी लगेच म्हटलं, घराला कुलूप कसं लावू? धाकटी बहीण समोर बसली होती, ती हसून म्हणाली, "का गं, आता घराचे गुडघे दुखायला लागले व्हय?"

सार्त्र याला आत्मवंचना म्हणतो. मी वर्गात ती कॅफेतल्या वेटरचं उदाहरण देऊन शिकवायचे आणि घरी येऊन आईच्या गुडघ्यांमागे लपायचे. मला जायचंच नव्हतं. हे गाव, शिवाजी पेठेतलं हे घर, संध्याकाळची रंकाळ्यावरची फेरी मला सोडायची नव्हती, आणि नव्या जागी आपण कमी पडू ही भीतीही होती. हे सरळ कबूल केलं असतं तर निदान आईला वीस वर्षं आपण लेकीच्या पायातली बेडी आहोत असं वाटलं नसतं. आता तिला विचारताही येत नाही. तेव्हा राहिलास तर 'बाबांमुळे' राहू नकोस आणि गेलास तर 'मामांमुळे' जाऊ नकोस.

मग अडकल्यासारखं का वाटतं? कारण तू खरंच काही गोष्टींत अडकलेला आहेस. सार्त्रचं स्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते करण्याची मुभा, असं वाचणारे फार. तो स्वतः १९४० साली जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैद्यांच्या छावणीत राहिलेला माणूस, भिंत कशाला म्हणतात ते त्याला माहीत होतं. बाबांचा झटका तू निवडलेला नाहीस. माझ्या त्याच धाकट्या बहिणीचं शाहूपुरीतलं घर २०१९ च्या पुरात होतं. पाणी किती फुटांवर येणार हे काही तिला कुणी विचारलं नाही. पण उंबऱ्याला पाणी लागल्यावर माळ्यावर आधी काय चढवायचं हे तिचं तिनंच ठरवलं, आणि तिनं पहिली चढवली ती हार्मोनिअमची पेटी. फ्रीज खाली राहून वाया गेला. गेली बारा वर्षं तिनं त्या पेटीला हात लावलेला नव्हता. पाणी ओसरल्यावर भाऊजी फ्रीजवरून चिडले तेव्हा ती म्हणाली, "मला तरी कुठं माहीत होतं!" आता आठवड्यातून तीनदा शिकायला जाते. गळा बेताचाच आहे, पण ते असू दे.

त्या भाषणातलं आणखी एक उदाहरण तुझ्या धंद्याला जवळचं आहे. कागद कापायचा चाकू बनवणाऱ्याच्या डोक्यात तो कशासाठी हे आधी असतं, चाकू नंतर. माणसाचं उलट, तो आधी असतो आणि काय आहे ते मागाहून ठरत जातं. मला हे वाचताना नेहमी वडिलांची रापी आठवते. आमचं चप्पल लाइनीत दुकान होतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पाटावर घेऊन ते रापीनं तळ कापायचे, मग कान, अंगठा, पट्टे, वेणी. पहिला काप पडायच्या आधीच ही कापशी घाटाची चप्पल, कुणा पैलवानाच्या पायाची, हे ठरलेलं असायचं. एकदा मी विचारलं, "बाबा, मी कशासाठी झाले?" ते आरी ओवता ओवता म्हणाले, "तुझं माप अजून कुठं घेतलंय." त्यांनी सार्त्रचं नावही ऐकलेलं नव्हतं. हा किस्सा मी वर्गात इतक्यांदा सांगितलाय की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना तो पाठ असेल, त्यांनी माफ करावं.

सिसिफसविषयी थोडं. फ्रेंच लेखक कामूचा त्याच्यावरचा निबंध १९४२ चा. ग्रीक पुराणातल्या या सिसिफसला देवांनी शिक्षा दिलेली, दगड डोंगरावर न्यायचा आणि तो पुन्हा खाली येणार, कायमचा. कामूला रस आहे तो दगडामागून उतरणाऱ्या सिसिफसमध्ये, कारण त्या उतारावर त्याला आपली गत पुरती कळलेली असते आणि तरी तो खाली जातो. तो सुखी आहे अशी कल्पना केली पाहिजे, असं कामू शेवटी म्हणतो. मला हा निबंध आवडतो, पण तुझ्या शॉपला तो लागू कर म्हणशील तर नाही. सिसिफसच्या दगडाची वाट कुणी बघत नसतं. तुझा बुश पंपात बसतो, पंप करवीर नाहीतर कागल तालुक्यातल्या कुणाच्या तरी उसाला पाणी देतो, आणि तो बुश आऊट गेला तर शेतकरी तुझ्या दारात येऊन शिव्या घालतो. शिव्या घालायला येणारा माणूस असणं ही सिसिफसपेक्षा फार वेगळी अवस्था आहे! शंभर वर्षांनी भंगार होणार हे खरं, पण ऊस तर बारा-चौदा महिन्यांतच तोडणीला येतो, त्याला शंभर वर्षांचा हिशेब कुठे लावतोस?

म्हणून मला अशा वेळी सिमोन द बोव्हार, सार्त्रची साथीदार आणि स्वतः तत्त्वज्ञ, जवळची वाटते. १९४७ च्या तिच्या नीतिविषयक पुस्तकात तिचा रोख हा आहे की माझं स्वातंत्र्य दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यावाचून उभंच राहत नाही. तुझ्या पत्रात दुसरे आहेत कुठे? बाबा 'काहीच बोलत नाहीत', पण तू विचारलंस का? हात गेला आहे, धंद्यातली अक्कल गेलेली नाही. कदाचित त्यांनाच शॉप विकायचं असेल आणि तुझ्या तोंडाकडे बघून ते गप्प असतील. घरात सगळेच एकमेकांसाठी त्याग करत बसले की कुणाला काय हवंय ते कळतच नाही. तीन कामगार आहेत, त्यांतला सगळ्यात जुना माणूस तू आलास तेव्हापासून काय म्हणतो? आणि आई पत्रात एकदाच येते, डबा देण्यापुरती. ती सकाळी किती वाजता उठते, दिवसभर बाबांचं सगळं कोण करतं, तिला काय वाटतं, यातलं एक अक्षर नाही. सार्त्र राहू दे, आज रात्री नऊच्या आत घरी जा आणि तिच्याजवळ बस.

झोपेचं मात्र वेगळं. दोन-दोन वाजेपर्यंत रोजच डोळा लागत नसेल, भूक गेली असेल, जगणंच नको वाटत असेल तर ते तत्त्वज्ञानाचं काम नाही. त्यासाठी डॉक्टर असतो. सरकारची १४४१६ ही टेलिमानसची मदतवाहिनीही आहे, तिथे मराठीत बोलता येतं. लाजू नकोस.

कंपनीला काय कळवलंस ते मला नाही सांगितलंस तरी चालेल. चक कुठल्या मेकचा घेतलास ते मात्र कळव, गल्लीतल्या एकाला हवाय.

प्रश्न : तुमचे हे तत्त्वज्ञ पॅरिसच्या कॅफेत बसून स्वातंत्र्याच्या गप्पा मारत होते म्हणे. त्यांची भांडी कोण घासत होतं?
— एक गृहिणी, रंकाळा परिसर

उत्तर : बाई, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याच दिवशी पेढे वाटले असते.

सार्त्र आणि बोव्हार कितीतरी वर्षं हॉटेलांच्या खोल्यांत राहिले, जेवले कॅफेत. म्हणजे भांडी घासायला पगारी माणसं होती. आणि गंमत बघा, आत्मवंचनेचं उदाहरण म्हणून सार्त्रला दिसला तो कोण, तर कॅफेतला वेटर! जरा जास्तच झपझप चालतो, जरा जास्तच अदबीनं वाकतो, जणू वेटर असणं हेच त्याचं सगळं असणं. मला नेहमी वाटत आलंय की त्या वेटरला विचारायला हवं होतं. न वाकता ट्रे ठेवला असता तर मालकानं त्याला दुसऱ्या दिवशी ठेवलं असतं का?

कामूला मात्र भांडी माहीत होती. बाप पहिल्या महायुद्धात १९१४ साली जखमी होऊन मेला तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. आईला कमी ऐकू यायचं, लिहिता-वाचता येत नव्हतं. अल्जिअर्समध्ये ती लोकांच्या घरची झाडलोट करून घर चालवायची.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र बोव्हारनं दिलंय. १९४९ साली स्त्रियांवरच्या तिच्या मोठ्या ग्रंथात ती लिहिते की सिसिफसच्या शिक्षेच्या इतकी जवळची कामं फार थोडी, जितकं घरकाम आहे. घासलेलं पुन्हा खरकटं होतं, पुसलेलं पुन्हा मळतं. कामूच्या निबंधानंतर सातच वर्षांनी तिनं तो दगड डोंगरावरून उचलून मोरीत आणून ठेवला. आणि ती भांडी घासणारीला सुखी समजा असं म्हणत नाही. उलट त्याच ग्रंथात तिनं बजावलंय की दुसऱ्याला ज्या जागी ठेवायचं असतं, ती जागा सुखाची आहे असं म्हणणं नेहमीच सोपं असतं. 'आमच्या हिला स्वयंपाकाची भारी हौस' हे वाक्य आपण सगळ्यांनी लग्नकार्यात ऐकलेलं आहे. हौस असेलही. पण ते वाक्य ती स्वतः बोलताना मी क्वचित ऐकलंय.

वरच्या पत्रातला मुलगा हे वाचेल अशी आशा आहे.

प्रश्न : आपल्याकडे गीता आहे, ज्ञानेश्वरी आहे. अस्तित्ववाद म्हणजे परदेशी नास्तिकपणा. तो आपल्या मुलांच्या डोक्यात का भरवता?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर

उत्तर : सर, नमस्कार. नास्तिकपणाचा आरोप अर्धाच खरा. सार्त्र नास्तिक होता आणि ते तो लपवत नव्हता. पण ज्याच्यापासून ही विचारधारा सुरू झाली असं मानतात, तो डेन्मार्कचा किर्केगार्ड देवाला धरून बसलेला माणूस. १८४३ साली त्यानं एक अख्खं पुस्तक अब्राहमवर लिहिलं, देवाच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या बापावर. त्याचा राग नास्तिकांवर नव्हता. जन्मलो म्हणून आपोआप ख्रिस्ती झालो, रविवारी चर्चला गेलो की झाली श्रद्धा, असं मानणाऱ्या आपल्याच गावकऱ्यांवर होता. श्रद्धा ज्यानं त्यानं पत्करावी लागते, ती वारसाहक्कात मिळत नाही, हे त्याचं म्हणणं तुम्हालाही पटेल असं वाटतं.

गीतेचं म्हणाल तर तिची सुरुवात मला या मंडळींच्या फार जवळची वाटते. दोन्ही सैन्यांच्या मधे रथ उभा आहे, हातातून गांडीव गळतंय, अंगाला कापरं भरलंय, आणि आजवर जे काही शिकला ते सगळं त्या क्षणी अर्जुनाच्या उपयोगी पडत नाही. तिथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. तिसऱ्या अध्यायात स्वधर्माचं येतं, परधर्मापेक्षा आपला उणा असला तरी बरा. सार्त्र तिथेच अडवेल. तो म्हणेल, हा स्वधर्म जन्माच्या आधीच कुणी ठरवला असेल तर माणूस आणि चाकू यांत फरक काय? चप्पल लाइनीत वाढलेल्या मुलीलाही हा प्रश्न पडतो, सर. बापाचा धंदा म्हणजेच पोराचा धर्म, असं सांगणाऱ्यांचं आमच्या लोकांनी पुष्कळ ऐकून घेतलंय. शाहू महाराजांच्या गावात ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण अठराव्या अध्यायाचा त्रेसष्टावा श्लोक तुम्ही मुलांना शिकवलाच असेल. सगळं सांगून झालं, विश्वरूपसुद्धा दाखवून झालं, आणि शेवटी श्रीकृष्ण म्हणतो, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.' याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. सातशे श्लोकांच्या ग्रंथात ही ओळ मला सगळ्यात धाडसाची वाटते. लगेच पुढे 'मला शरण ये' आहे, हे मान्य. तरीही ती ओळ तिथे आहे आणि ती सार्त्रच्या 'तूच निवड'हून फार लांब नाही. तुमच्या प्रवचनात हा श्लोक कधी घेणार असाल तर कळवा, मी पुढच्या रांगेत येऊन बसते. पटलं नाही तर भांडेनही.

प्रश्न : मॅडम, आमच्या तालमीत पैज लागलीय. मी म्हटलं, अस्तित्ववादी तत्त्वज्ञ आल्बेर कामू गोलकीपर होता. दोस्त म्हणतो, थापा मारू नको, तत्त्वज्ञ कधी फुटबॉल खेळतात व्हय. हरणाऱ्यानं सगळ्या टीमला मिसळ द्यायची आहे. निकाल द्या.
— एक डिफेंडर, मंगळवार पेठ

उत्तर : होता. अल्जिअर्समध्ये विद्यापीठाच्या क्लबच्या ज्युनिअर टीमचा गोल तो सांभाळायचा. सतराव्या वर्षी क्षयानं गाठलं आणि खेळ सुटला. त्याच्या मागे अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत त्याचंच लहानपण आलंय. त्यातली आजी नातवाच्या बुटांचे तळ तपासते, झिजलेले दिसले की फुटबॉल खेळला म्हणून मार. आमच्या वडिलांना ही आजी फार आवडली असती. नीती आणि माणसाचं कर्तव्य याविषयी जे काही पक्कं कळलं ते फुटबॉलनं शिकवलं, असं पुढे त्यानं आपल्या जुन्या क्लबच्या पत्रिकेसाठी लिहिलं होतं.

१९५७ साली त्याला नोबेल जाहीर झालं. त्याच दिवसांत तो पॅरिसला मॅच बघायला गेला होता. गोलकीपरच्या हातून एक गोल गेला, तेव्हा टीव्हीवाल्यांनी त्याला स्टँडमध्येच गाठून विचारलं. तो म्हणाला, त्याला दोष देऊ नका, गोलच्या खांबांमधे उभं राहिल्यावर कळतं किती अवघड असतं ते. शाहू स्टेडियमच्या प्रेक्षकांनी हे वाक्य फ्रेम करून लावावं. आपल्याकडे गोल खाल्लेल्या पोराच्या सात पिढ्या स्टँडमधून उद्धरतात.

आता निकाल. गोलकीपर ही तुझी बाजू बरोबर. पण तू 'अस्तित्ववादी' म्हणालास आणि तिथे गडबड आहे. १९४५ सालीच एका मुलाखतीत कामूनं साफ सांगितलं होतं की मी अस्तित्ववादी नाही. सार्त्रचं आणि आपलं नाव लोक एकत्र घेतात याचं आम्हा दोघांनाही नवल वाटतं, असंही तो म्हणाला होता. पुढे १९५२ मध्ये तर दोघांचं असं वाजलं की बोलणंच बंद झालं. आम्ही मास्तर लोक तरीही त्याला त्याच धड्यात शिकवत आलो, तेव्हा यातली निम्मी चूक आमचीही आहे.

मॅच ड्रॉ. मिसळीचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे भरायचे, जादा पाव ज्याचा त्यानं.